तुमच्या फोनमधला माझा आवाज

भाऊजी,

तुमचा फोन अजून रोज दुपारी साडेबाराला वाजतो, आणि त्यातून मी बोलते.

स्वतःचाच आवाज ऐकून मला दरदरून घाम फुटतो, हे कळलं असतं तर तुम्ही मांडीवर थाप मारली असती. "वहिनी, लिफ्ट झाली, सरकता जिना झाला, मिक्सर झाला. आता स्वतःलाच घाबरायला लागलात, म्हणजे तुमचा कोर्स पूर्ण!" पण थाप मारायला तुम्ही नाही. रावेतच्या तुमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला तो फोन तेवढा आहे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यासाठी तुम्ही लावलेला गजर, त्याला सूर तुमच्याच गाण्याचा. जेवून घ्यायचं, डबा उचलायचा, चौकात जाऊन कंपनीची बस पकडायची. फोन उघडायचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. गजर वाजला की दहा मिनिटांपुरता नाहीतर त्या दिवसापुरता गप्प करता येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. "बंदच करून ठेवू या का फोन?" असं मी शुभांगीला एकदा विचारलं. तुमच्या बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

रोज तेच. आधी हातोडा पडतो. लाल झालेल्या लोखंडाला ठोकून आकार देणारा तुमच्या फोर्जिंग शॉपमधला तो खोलीएवढा हातोडा. त्याचा आवाज तुम्ही फोनवर धरून आणलात आणि कॉम्प्युटरवर इतका ताणलात, की कुणीतरी पोटाच्या आतून दार ठोठावतंय असं वाटावं. मग कुकरची शिट्टी, लांब बोगद्यातून आल्यासारखी. मग मी. "मी घरी नसताना घर कुणाकडे बघतं?" त्यानंतर बराच वेळ नुसताच हातोडा, अजून कुणाचं तरी बोलायचं राहिल्यासारखा. आणि शेवटी तुमचे दादा, वैतागून: "अगं, आत तरी चल आधी!"

तुम्ही गेल्यापासून मी शुभांगीच्या सोबतीला इथंच आहे. बारा वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे. सव्वाबाराला मी काहीतरी काम काढून बाल्कनीत जाते, आणि बाल्कनीत गेलं की खाली बघून चक्कर येते, म्हणून परत आत येते. तोवर हातोडा सुरू झालेला असतो. माझा आवाज मला इतका परका झालाय, की मी हल्ली हळूच बोलते. भाजीवाल्याला "मेथी कशी दिली" असं कानात सांगितल्यासारखं विचारलं, तर तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. तुमचे दादा फोनवर ओरडतात, "घसा बसला का गं तुझा?" घसा चांगला आहे. मीच त्याच्यापासून लांब राहतेय.

पण खरं सांगू का, माझी खरी भीती फोनची नाही. ती बसमधली आहे.

चाकणच्या अलीकडे तुमची बस नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. भर दुपार, काचेतून ऊन. बसमध्ये सगळेच डुलक्या काढतात, तुमचेही डोळे मिटलेले, कानात गाणं. कंपनीच्या गेटवर सगळे उतरले, तुम्ही उतरला नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. "कानातलं गाणं मात्र चालूच होतं," असं तुमच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बालाजीनं दादांना सांगितलं, आणि दादांनी ते मला सांगायला नको होतं.

कारण त्या दिवसांत तुम्ही एकच गाणं ऐकत होतात. हेच, अर्धवट राहिलेलं. म्हणजे जाताना तुमच्या कानात मी होते. आणि मी काय म्हणत होते? धीर धरा? देवाचं नाव घ्या? आपल्यात जाणाऱ्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात, कानाशी देवाचं नाव घेतात. मी तुमच्या कानात भीती ठेवली. दहावं, बारावं, तेरावं, सगळं रीतीनं झालं. पण दर वेळी हात जोडताना माझ्या मनात तेवढंच होतं. घाबरत गेलात का हो तुम्ही? माझ्यामुळे?

हे कुठून सुरू झालं ते आठवायला लागले, की एका गोळीपाशी येऊन थांबते.

तेव्हा तुमचं लग्न व्हायचं होतं, तुम्ही आमच्याकडे थेरगावलाच राहायचात. सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून परदेशी गाणी ऐकायचात. गाणं कसलं, एखाद्या विहिरीत बँडवाला पडलाय आणि वर यायची त्याला घाई नाही, असा आवाज. मी विचारलं तर म्हणालात, "याला सायकेडेलिक म्हणतात, वहिनी." मी तो शब्द तोंडात घोळवत स्वयंपाकघरात आले. तुमचे दादा शाळेत क्लार्क, कुठलीही गोष्ट कागदावर बघितल्याशिवाय त्यांना पटत नाही. त्यांनी कुठूनसा अर्थ शोधून आणला आणि चष्मा सावरत वाचून दाखवला: डोक्यावर परिणाम करणाऱ्या नशेसारखा अनुभव देणारं संगीत. मी मटकन खाली बसले. सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, धाकट्याकडे लक्ष दे. लक्ष दिलं, आणि हे निघालं!

दुसऱ्याच दिवशी धुवायच्या पँटच्या खिशात दोन गोळ्या सापडल्या. केशरी, मऊ, बोटानं दाबल्या की चपट्या होणाऱ्या आणि सोडल्या की हळूहळू फुगणाऱ्या. असली वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. कारखान्यात जाणारं आमच्या घरातलं पहिलं माणूस तुम्ही, मला कुठून माहीत असणार? एक वाटीतल्या पाण्यात टाकली. विरघळेना. दुसरीचा वास घेतला. आणि मग, घरातल्या मोठ्या सुनेनं स्वतः खात्री केल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये, या उदात्त विचारानं ती जिभेला लावली.

मला चढली, भाऊजी. खोटं नाही. मी कॉटवर पडले आणि छत खाली यायला लागलं. पंख्याची पाती एकमेकांशी काहीतरी बोलत होती. भिंतीवरच्या देवांच्या फोटोतली नजर माझ्या मागं कुणालातरी शोधत होती. तुम्ही शिफ्ट करून आलात तेव्हा मी तुम्हाला हात जोडून म्हणाले, "मला दवाखान्यात न्या, पण दादांना सांगू नका." तुम्ही वाटीतली गोळी बघितलीत, माझ्याकडे बघितलंत, आणि जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसलात.

"वहिनी, हे कानात घालायचं असतं. मशीनच्या आवाजापासून वाचायला. कंपनीत डबा भरून ठेवलेला असतो, कितीही घ्या."

"मग छत का हललं?"

तुमचं हसू तिथं थांबलं. अजून डोळ्यांसमोर आहे तो चेहरा. एखाद्यानं हरवलेली किल्ली दुसऱ्याच्या हातात बघावी तसा. "तेच म्हणतो मी," तुम्ही म्हणालात. "फोमचा तुकडा चाटून तुम्हाला छत हललेलं दिसलं. नशा त्याच्यात नव्हतीच. तुमच्यात होती. वहिनी, तुम्ही गाणी लिहा."

झालं! त्या दिवसापासून मी तुमची गीतकार. बाकी घरात माझी ओळख म्हणजे लग्नकार्यात कोपरा धरून गोष्टी सांगणारी बाई. सांगताना हात एवढे हलवते, की शेजारच्याच्या ताटातला जिलेबीचा तुकडा एकदा उडाला होता. मी मन लावून पहिलं गाणं लिहिलं. जांभळे ढग, त्यावर निळा घोडा, घोड्याच्या शेपटीला चांदण्या, वितळणारा चंद्र. तुम्ही शांतपणे वाचलंत. कागदाची घडी घातलीत.

"छान आहे. पण ही बेकरीतली ऑर्डर झाली, वहिनी. वाढदिवसाच्या केकची."

दोन दिवस मी तुम्हाला पातळ आमटी वाढली, ती त्यासाठी. पण तुम्ही सोडणारे नव्हतात. चिखलीला तुमच्या मित्राचं, लोखंडावर रंगाची पूड चढवायचं, पावडर कोटिंगचं शेड होतं. गुरुवारी आपल्याकडे कारखान्यांना सुट्टी, आजूबाजूची सगळी वर्कशॉप गप्प, म्हणून तिथं तुमची गिटार आणि तिचा आवाज बदलणारे ते पायानं दाबायचे डबे मांडलेले असायचे. मी पोळीभाजी घेऊन यायची आणि रंगाच्या पोत्यांवर बसून तुमच्याशी वाद घालायची. लग्न होऊन शुभांगी आली, तीही दोनचार वेळा आली. "मला यातलं काही कळत नाही, पण हे इथं खूश असतात," म्हणाली आणि स्वेटर विणत बसली. आपल्या तिघांत शहाणी तीच.

"रंग, धूर, घोडे, हे डेकोरेशन आहे," तुम्ही म्हणायचात. "ज्याला ही गाणी कळत नाहीत, तो असलं डेकोरेशन करतो. शब्द साधेच पाहिजेत. स्टूल, दार, चहा. फक्त बोलणारा माणूस उभा राहतो ती जागा हलली पाहिजे. गाणं संपल्यावर स्टूल स्टूलच असतं, पण त्याच्यावर तुम्ही जरा जपून बसता. तसं झालं, तर ती ओळ खरी."

"आणि तसं होण्यासाठी नशा लागत नाही?"

"मी हातोड्यावर आहे, वहिनी. घाव पडतो तेव्हा फरशी, बूट, हाडं, दात, सगळं एकदमच वाजतं. मी कुठं संपलो आणि मशीन कुठं सुरू झालं, ते एक क्षणभर कळत नाही. आत काय आणि बाहेर काय, हे कळेनासं करणारी ओळ मला पाहिजे. लहान मुलं तसं बोलतात. तापात माणसं तसं बोलतात. आणि तुम्ही पूर्ण शुद्धीत तसं बोलता."

मी म्हणायची, यात नवीन काय? आमच्या गावच्या भारुडात सोंग आणणारा असंच उलटंपालटं बोलायचा, बायका हसता हसता गप्प व्हायच्या आणि पदर सारखा करायच्या. ते ऐकून तुम्ही खूश. "मग हेच तर सांगतोय! त्या गप्प होण्यासाठी गाणं असतं. हसण्यासाठी नाही आणि रंगांसाठीही नाही."

आणि मग ती ओळ सापडली. म्हणजे तुम्हाला सापडली. मला ती फक्त वाटली होती. आपण सगळे गावाकडच्या लग्नाहून आलो होतो. थेरगावच्या आमच्या घराच्या जिन्यात सामान, घामेजलेले चेहरे, तुमचे दादा कुलपाशी झटापट करतायत. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. आत सगळं जिथल्या तिथं. पण मला वाटलं, आपण एखाद्याचं बोलणं तोडून आलोय. मी पुटपुटले, "मी घरी नसताना घर कुणाकडे बघतं?"

मागून धप्प असा आवाज. तुम्ही हातातली बॅग सोडली होती. त्यात लोणच्याची बरणी होती, ती फुटली, पण तुमचं लक्ष नव्हतं. "परत म्हणा. वहिनी, तसंच परत म्हणा!" फोन माझ्या तोंडाजवळ धरलात. शेजारी कुणाचा तरी कुकर लागला होता, त्याची शिट्टी झाली. मी परत म्हटलं. आणि कैरीच्या तेलात पाय भरलेल्या तुमच्या दादांचा धीर सुटला: "अगं, आत तरी चल आधी!"

ते सगळंच तुम्ही गाण्यात घेतलंत. शिट्टीसुद्धा, दादासुद्धा. "हे ठरवून करता येत नाही," म्हणालात. गाणं शेडमध्ये मला पहिल्यांदा ऐकवलंत, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि मी चिडले. तो आपला वाद अजून तसाच पडलाय. मी म्हणाले, "भीती काय, फुकट मिळते, तिचं गाणं कशाला? गाण्यानं माणसाला धीर दिला पाहिजे."

"धीर देणारं गाणं वरून बोलतं, वहिनी. 'घाबरू नकोस' म्हणतं. पण आपण घाबरलेलेच असतो, त्याचं काय करायचं? मला शेजारी येऊन बसणारं गाणं पाहिजे."

"शेजारी बसून काय करणार ते गाणं?"

"आपल्याबरोबर घाबरणार."

"म्हणजे एकाच्या जागी दोन घाबरट! उजेड!" मी डबा आवरला.

गाण्यात माझ्या ओळीनंतर एवढी मोठी रिकामी जागा का सोडलीत, तेही तेव्हाच विचारलं होतं. तिथं तुमची ओळ यायची होती. "माझी भीती मी खुशाल वापरायला देते, तुमची कधी देणार?" मी विचारलं. तुम्ही तार पिळत म्हणालात, "माझी अजून यायचीय."

ती आली होती, भाऊजी. आता कळतंय मला. कंपनीत कानांची तपासणी झाली, उजवा कान जवळपास गेल्याचं निघालं आणि तुम्हाला हातोड्यावरून हलवायचं ठरलं, त्या सुमाराची गोष्ट. तुम्ही आमच्या ओट्याशी उभे होतात. मी शेंगा निवडत होते. कानात सारखी एक बारीक शिट्टी वाजते, चोवीस तास, म्हणालात. मी म्हणाले, थांबेल हो. तर तुम्ही एक शेंग उचललीत, फोडली, दाणे परत सुपात टाकलेत, आणि विचारलंत:

"वहिनी, आवाज थांबला की ऐकणारा कुठं जातो?"

मला वाटलं कोडं घालताय. मी लगेच म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे!"

किती हसलात. मी पण हसले, स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन. संध्याकाळी दादांनाही सांगितलं, मी कसं उत्तर दिलं ते. त्या वेळी मला ते कोडंच वाटलं होतं, आणि तेराव्यापर्यंत वाटत राहिलं.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी पाहुणे पांगले. घरात शुभांगी आणि मी. बाराच्या सुमाराला बेल वाजली. बेलचीही मला भीती वाटते, म्हणून दार तिनं उघडलं. दारात बालाजी. उंचापुरा, लातूरकडचा, हातात पिशवी. तुमच्या लॉकरमधलं सामान घेऊन आला होता. डबा, सेफ्टी शूज, आणि प्लॅस्टिकच्या पुडीत मूठभर केशरी गोळ्या. त्या गोळ्या बघून मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. बालाजीला वाटलं, मला ठसका लागला.

"पानी आणू का, वैनी?"

"नको. बसा तुम्ही. चहा टाकते."

मी चहा टाकला, कप आणून दिला, आणि घड्याळाकडे बघायला विसरले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विसरले.

हातोडा पडला.

बालाजी ताडकन उठला. चहा बशीत, बशीतून पँटवर. कुकरची शिट्टी झाली तसा तो फोनकडे बोट दाखवून बघतच राहिला. मग माझा आवाज आला. त्यानं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हे बसमधलं हाय," तो म्हणाला. "म्हंजे… ही तुम्ही?"

दादांचं "आत तरी चल आधी" होऊन गेलं तेव्हा शुभांगीनं बोटानं गजर थांबवला. दहा मिनिटांपुरता. मी पदरानं हात पुसत होते, कोरडेच होते ते.

"तुम्ही कसं ऐकलंत?" मी विचारलं.

"रोजच की. दिगूभाऊंचा उजवा कान गेलेला ना. तिकडचं इअरबड मला द्यायचे. म्हणायचे, घे बालाजी, माझ्या त्या कानात तसंबी वायाच जातंय."

"त्या दिवशी?"

त्यानं पँटवरचा चहा रुमालानं पुसला. शुभांगी खिडकीशी उभी होती, ती वळली नाही, पण तिची पाठ ऐकत होती.

"त्या दिवशीबी," बालाजी म्हणाला.

मला ते ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं. मी सोफ्याच्या हातावरच टेकले. म्हणाले, "शेवटी त्यांच्या कानात हेच होतं का? ते घाबरले होते का हो? मला सांगा. मला काही होत नाही." मला सगळं होत होतं.

बालाजीनं कप खाली ठेवला. "कसं सांगावं… तुमचा आवाज आला तसं भाऊंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. म्हणले, ही आमची वहिनी. आख्ख्या पिंपरी-चिंचवडमधली सगळ्यात…" तो थांबला.

"घाबरट," मी म्हणाले. "बोला पुढं."

"व्हय, घाबरट बाई. अन् म्हणले, पण हिच्याशेजारी बसून घाबरायला लई बरं वाटतं बघ."

मी त्याच्या कपाखालची बशी उगाच सरळ केली.

"मग?"

"मग मला झोप लागली, वैनी. गेटवर जाग आली तवा माझ्या कानात गाणं चालूच होतं. भाऊ…" त्यानं मान खाली घातली. "शेवटी काय वाजत होतं, ते मला न्हाई सांगता येत. खोटं कशाला बोलू तुमच्याशी."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, नाही. वरून बोलणारं माणूस त्या वेळी मला चाललं नसतं.

शुभांगी खिडकीशीच म्हणाली, "थंडीतसुद्धा पंखा लावून झोपायचे. मी भांडायची. मला वाटायचं, गरम होतंय." मग, "शांत झालं की त्यांना भीती वाटायची, वहिनी. कानातलं सगळं एक दिवस बंद होईल म्हणून. मला एकदाच सांगितलं. वहिनींना सांगू नकोस म्हणाले, त्या आधीच भितात."

तेव्हा ते ओट्याशी उभे असलेले तुम्ही मला दिसलात. शेंगेचे दाणे परत सुपात टाकणारे. आणि ती रिकामी जागा कशासाठी होती ते कळलं. मी तिथं डॉक्टरचा विनोद टाकला होता.

हे मी शुभांगीला सांगणार होते. पण दहा मिनिटं झाली.

हातोडा पडला. मी उठून बाल्कनीकडे पळणार, तर शुभांगी येऊन माझ्या शेजारी बसली. सोफ्यावर एवढी जागा असताना, अगदी खेटून. तिचा हात थंडगार होता. माझाही. शिट्टी झाली. बोगद्यातून माझा आवाज आला: "मी घरी नसताना घर कुणाकडे बघतं?"

"माझ्याकडे," शुभांगी म्हणाली. रडत नव्हती. फोनकडे बघून, एखाद्यानं वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं. "रोज बघतं."

माझ्या अंगावर काटा आला तो डोक्यापर्यंत गेला. स्टूल स्टूलच होतं, टीव्ही टीव्हीच, बालाजीच्या पिशवीत तुमचे सेफ्टी शूज. आणि सगळं घर खरोखर तिच्याकडे बघत होतं. जपून बसावं असं वाटलं. आणि मग नुसता हातोडा सुरू झाला. तुमची जागा.

मला वाचा कशी फुटली ते माहीत नाही. एवढे दिवस भाजीवाल्याशी कुजबुजणारी मी, फोनजवळ वाकले आणि मोठ्यानं बोलले. आवाज चिरकला, हातोड्याच्या मध्येच आला, पण तुमची ओळ मी तुमच्या जागेवर ठेवली:

"आवाज थांबला की ऐकणारा कुठं जातो?"

हातोडा पडत राहिला. बालाजीनं रिकामा कप दोन्ही हातांनी धरला होता. शुभांगीची बोटं माझ्या हातात रुतली. आता काहीही उत्तर येऊ शकतं, असं मला वाटलं. देवाशपथ सांगते, भाऊजी, पळून जावंसं वाटलं, पण अकरावा मजला, आणि खाली जायला ती लिफ्ट.

मग तुमच्या दादांचा आवाज आला. वैतागलेला, तेलात पाय भरलेल्या, हातात किल्ली असलेल्या माणसाचा:

"अगं, आत तरी चल आधी!"